दार का उघडले नाही? : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत साथींची चर्चा सुरू होते. म्हणून मागील अंकात आम्ही वाचकांना एक आवाहन केले होते. साथीच्या काळात लोकांशी कसे बोलावे, त्यांना सोबत कसे घ्यावे, याविषयी पडणारे प्रश्न त्यांनी कळवावेत, असे ते आवाहन होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आरोग्य शिक्षणाचे काम अनेक वर्षे केले आणि त्यात चुकाही पुष्कळ केल्या. त्यातील काही पुढे येतीलच.

मी गोवंडीच्या शिवाजीनगर भागात आरोग्य सेविका आहे. २०२२ च्या गोवरच्या साथीपासून लसीकरणाच्या याद्या घेऊन आम्ही गल्लोगल्ली फिरतो. काही घरांत पाच-पाच वेळा जाऊनही 'नको' हेच उत्तर मिळते. वरिष्ठ म्हणतात, 'लोकांना समजावून सांगा.' आम्ही समजावतोच. मग चुकते कोठे?

ताई, आपल्या नोंदवहीत 'नकार' या नावाचा एकच रकाना असतो आणि त्या एका शब्दात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एका घरात आई तयार असते. पण नवरा कामावर गेलेला असतो आणि सासू 'तो आल्यावर बघू' म्हणते. दुसऱ्या घरातले मूल गावी असताना एक डोस घेऊन आलेले असते, मात्र कार्ड तिकडेच राहिलेले असते आणि कार्ड नाही म्हणून ओरडा बसेल या भीतीने आई दारच उघडत नाही. तिसऱ्या घराला लसीची भीती मुळीच नसते, भीती पालिकेची असते. ज्या कचेरीची गाडी कधी तरी झोपडे तोडायला आली होती, त्याच कचेरीची माणसे आता बाळाला टोचायला आली आहेत, असे त्या घराला दिसते. या तिन्ही घरांना आपण गोवर किती भयंकर आहे हे सांगत बसलो, तर बोलणे वाया जाते, कारण त्यांनी तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

मला हे एका बाईने शिकवले. अशाच एका वस्तीत, दहा बाय दहाच्या खोलीत जरीकामाचा अड्डा मांडलेला होता. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर ती टिकल्या भरत होती आणि अड्ड्याच्या खाली बाळ झोपलेले होते. मी लसीचे फायदे सांगू लागलो. तिने सुई न थांबवता ऐकून घेतले आणि म्हणाली, "पिछली बार सुई के बाद बच्चा रातभर रोया. मेरा दो दिन का काम गया. वो पैसा कौन देगा?" माझ्याकडे उत्तर नव्हते. सोबतच्या सेविकेकडे मात्र होते. माल कोणत्या दिवशी द्यायचा असतो, एवढेच तिने विचारले आणि तो दिवस उलटल्यावर लस द्यायचे ठरवले. ताप आला तर कोणते औषध वजनानुसार किती द्यायचे हे लिहून दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चक्कर टाकली. त्या घराचा रकाना 'नकार'मधून निघाला, तो लसीविषयी एकही नवे वाक्य न बोलता.

तापाविषयी आणखी एक बारकावा आहे आणि तो आपल्याकडून वारंवार सुटतो. पाच रोगांवर एकत्र दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीनंतरचा ताप बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवर-रुबेला लसीनंतर काही बालकांना येणारा ताप मात्र साधारण सात ते बारा दिवसांनी येतो आणि कधी कधी सोबत अंगावर पुरळही दिसते. हे आधी सांगितले नाही, तर आईच्या दृष्टीने हिशोब सरळ असतो : लस दिली आणि आठवड्याने गोवर निघाला. आधी सांगितले, तर तोच ताप तुमच्या शब्दाची साक्ष ठरतो. म्हणून लस देतानाच 'पुढच्या आठवड्यात अंग थोडे तापू शकते, घाबरून जाऊ नका, मला निरोप द्या' असे सांगून ठेवावे.

गोवराला 'माता' मानणाऱ्या घराशी देव-धर्मावर वाद घालू नये. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावून बाहेरच्या माणसाला आत येऊ न देण्याची रीत म्हणजे एक प्रकारचे घरगुती विलगीकरणच आहे आणि ज्या आजाराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांपर्यंत आजार पोचवू शकतो, त्या आजारात ते उपयोगीच पडते. वाद घालायचा तो उपाशी ठेवण्यावर आणि दवाखाना टाळण्यावर. श्वास जोरात चालला, मूल पीत नसले किंवा सुस्त पडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे आणि 'अ' जीवनसत्त्वाचे डोस चुकवायचे नाहीत, एवढे दोन मुद्दे पदरात पाडून घ्या. डहाळा दारावर राहू द्या.

वरिष्ठांना माझी एक विनंती सांगा. नकाराच्या रकान्याशेजारी 'कारण, त्यांच्याच शब्दांत' असा एक रकाना वाढवावा. गोवरासाठी दोन्ही डोस सुमारे ९५ टक्के बालकांपर्यंत पोचावे लागतात, तेव्हाच साखळी तुटते. शेवटची घरे कोठे अडली आहेत हे त्या रकान्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

मुलुंडमधील आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी डेंग्यूचे रुग्ण निघाले. मी सचिव आहे. पालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधायला आले, तर अर्ध्या सदनिकांनी दारे उघडली नाहीत. उलट सगळे धूरफवारणीची मागणी करत राहिले. सुशिक्षित लोकांना कसे समजवायचे?

धूर दिसतो आणि अळी दिसत नाही, हे त्याचे निम्मे कारण आहे. धूरफवारणीने उडणारे डास मरतात. पाण्यातील अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. शिवाय धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर घरातच, पडद्याआड आणि पलंगाखाली बसलेला असतो.

दार न उघडण्याचे कारण निराळे आहे. दुपारी घरात एखादी वृद्ध बाई एकटी असते. अनोळखी माणसाला आत घेऊ नये, हे आपणच तिला शिकवलेले असते. त्यातच 'तुमच्या घरात अळ्या आहेत' हे वाक्य घरच्या स्वच्छतेवरचा डाग वाटतो. आपण आदल्या दिवशी संध्याकाळी येण्याची वेळ कळवा आणि कर्मचाऱ्यांसोबत सोसायटीतील ओळखीच्या व्यक्तीला पाठवा. एडिसला स्वच्छ साठलेले पाणीच लागते, हे आवर्जून सांगा, म्हणजे अपमान निम्मा कमी होतो. मनी प्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची ताटली, फ्रीजच्या मागचा ट्रे ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. नुसते पाणी ओतून चालत नाही, भांडे घासावे लागते, कारण अंडी काठाला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात. एखाद्या रविवारी मुलांना बोलावून काचेच्या पेल्यात अळ्या घ्या आणि बॅटरीच्या प्रकाशात वळवळताना दाखवा. पुढचे काम मुले करतात. आईवडिलांना ती जी बोलणी ऐकवतात, ती सचिवाला शोभत नाहीत. गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट आहे का, हेही त्याच दिवशी पाहावे. तिथे मलेरियाचा डास असतो.

परळच्या सार्वजनिक मंडळाचा मी कार्यकर्ता आहे. पावसाळ्यात लेप्टोविषयी फलक लावायचा आहे. मजकूर असा ठरला आहे : 'घाबरू नका, जागरूक राहा! लेप्टोस्पायरोसिसला हरवू या!' त्यात काही सुधारणा सुचवाल का?

फलक लावण्याची कल्पना चांगली आहे, मजकूर मात्र बदलावा, असे स्पष्टच सांगतो. 'घाबरू नका' म्हटल्याने आजवर कोणाची भीती गेल्याचे मला आठवत नाही. उलट घाबरण्यासारखे काही तरी आहे, एवढे मात्र नक्की कळते. 'जागरूक राहा' म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. आणि 'हरवू या' हा शब्द क्रिकेटसाठी ठेवावा.

आपल्या भागातील माणसाच्या डोळ्यांसमोर काय आहे, तेथून आरंभ करा. हिंदमाताला पाणी तुंबते, हे त्याला शिकवावे लागत नाही. तो त्या पाण्यातून चप्पल हातात घेऊन घरी गेलेला असतो आणि पायाला कोठे तरी खरचटलेले असते. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातील जंतू त्या पाण्यातून जखमेवाटे शरीरात जातात. ताप साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर पाणी ओसरलेले असते आणि त्याचे विस्मरणही झालेले असते. मग माणूस 'व्हायरल असेल' म्हणून गोळी घेऊन कामावर जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोने मुंबईत जी माणसे नेली, त्यांच्या बाबतीत हे अंतर महागात पडले.

म्हणून फलकावर एवढेच असावे, असे सुचवतो : 'तुंबलेल्या पाण्यातून चाललात? ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा, प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवतील. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे आठवणीने सांगा.' खाली जवळच्या दवाखान्याचे नाव, खूण आणि वेळ द्यावी. वेळ खरीच तीच आहे ना, हे कोणीतरी स्वतः जाऊन पाहावे. बंद दाराशी एकदा पोचलेला माणूस पुढच्या फलकावर विश्वास ठेवत नाही. छापण्यापूर्वी कच्चा कागद घेऊन नाक्यावर उभे राहा, भाजीवाल्या मावशींपासून डिलिव्हरीच्या मुलांपर्यंत पाच-सहा जणांना वाचायला द्या आणि 'हे वाचून तुम्ही काय कराल?' असे विचारा. ते जे सांगतील, तोच आपला मजकूर. फलकावर छायाचित्रे किती असावीत, या प्रश्नात मी पडत नाही.

मी गिरगावातील शाळेत इतिहास शिकवते. १८९६ च्या प्लेगच्या वेळी मुंबईच्या लोकांनी रुग्णालयावर हल्ला केला, असे मुलांना सांगितले की ती म्हणतात, 'लोक अडाणी होते.' हे उत्तर बरोबर आहे का?

बाई, त्या मुलांना आधी विचारा की कोणते रुग्णालय. आर्थर रोडचे ते साथरोग रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते आणि २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण तेथेच गेले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये पालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. त्या काळच्या मुंबईकराच्या अनुभवात रुग्णालय म्हणजे माणूस जिवंत जातो आणि बहुधा परत येत नाही अशी जागा होती. प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते, त्यामुळे हा अनुभव चुकीचा म्हणता येत नाही. त्यात जातीबाहेरच्या हातचे अन्नपाणी, स्त्रियांना परपुरुषाने तपासणे, प्रेताची चिरफाड आणि शवाचे तेल काढून औषध करतात ही 'मोमियाई'ची अफवा एकत्र आली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव रुग्णालयावर चालून गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सक्ती वाढली. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, ती घराघरांत सैनिक घुसवणाऱ्या झडतीच्या रागातून. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुरा भागात विणकरांच्या वस्तीतील एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. या साऱ्या काळात शहरातून लाखो लोक आगगाडीने आणि बोटीने गावाकडे निघून गेले आणि जाताना रोगही घेऊन गेले. सक्तीमुळे रुग्ण लपवले गेले, हे तर झालेच, ते पळालेही.

त्याच मुंबईत त्याच वर्षांत दुसऱ्या गोष्टीही घडत होत्या आणि पाठ्यपुस्तकात त्यांना जागा मिळत नाही. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचली. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांनी खोजा अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली आणि त्या समाजात लसीचा रस्ता मोकळा झाला. वेगवेगळ्या जाती-जमातींना आपापली प्लेग रुग्णालये चालवण्याची मुभा मिळाली, तशी माणसे आजाऱ्याला स्वतः आणू लागली, कारण तेथे शुश्रूषेला आपली माणसे होती आणि अन्न आपल्या चुलीवरचे होते. आजच्या नजरेला जातवार रुग्णालय खटकते आणि ते खटकायलाच हवे. पण मुलांना विचारा : लोक एका रुग्णालयावर दगड घेऊन गेले आणि दुसऱ्यात आपल्या आईला घेऊन गेले, तर मधल्या काळात ते शहाणे झाले होते का?

वर्गात तुलनेसाठी धारावी घ्यावी. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसे, एका खोलीत सात-आठ जण आणि बहुतेकांची भिस्त सार्वजनिक शौचालयांवर होती. तेथे 'अंतर ठेवा' हा संदेश म्हणजे जवळजवळ थट्टाच होती. पालिकेने शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक करायला घेतली, घरी अंतर ठेवणे शक्य नसलेल्यांसाठी शाळांत आणि सभागृहांत राहण्या-जेवण्याची सोय केली आणि वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना तपासणीसाठी सोबत घेतले. पीपीई किट घातलेल्या अनोळखी पथकापुढे जो माणूस ताप लपवतो, तो वीस वर्षे आपल्या मुलांना औषध देणाऱ्या गल्लीतल्या डॉक्टरपुढे लपवत नाही. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचे उदाहरण म्हणून धारावीचा उल्लेख केला.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काका सतत घरगुती उपायांचे संदेश टाकतात. कोविडच्या वेळी कापूर-ओव्याच्या पोटलीने ऑक्सिजन वाढतो, असेही पाठवले होते. मी चूक दाखवली, तर अबोला झाला. काय करावे? (डोंबिवली)

सगळ्यांसमोर वडीलधाऱ्यांची चूक काढली, तर ते चूक सोडत नाहीत, ग्रुप सोडतात. काकांना फोन करा आणि हा संदेश कोणी पाठवला, त्यांना काय वाटते, हे आधी ऐकून घ्या. बहुतेक वेळा त्यामागे 'माझ्या माणसांसाठी मी काही तरी केले पाहिजे' ही तळमळ असते. ग्रुपवर नंतर स्वतंत्र संदेश टाका आणि त्यात मूळ अफवेचा उच्चारही करू नका, कारण खोडण्यासाठी उच्चारलेली अफवाही लक्षात राहते. 'ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबू नये' इतके सरळ लिहा. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर विषारी ठरतो, हे मात्र फोनवर सांगाच. आणि तो संदेश ग्रुपवर काकांनाच टाकू द्या.

२०२० च्या मे महिन्यात माझे वडील मुंबईतील एका रुग्णालयात कोविडने गेले. आम्हाला त्यांचा चेहरा पाहू दिला नाही. 'नियम आहे' एवढेच सांगितले. आजही आई तो विषय काढते. खरोखर तसा नियम होता का? (भांडुप)

आपल्याला खरे उत्तर देणे लागतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी मृतदेहाच्या हाताळणीविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात कर्मचाऱ्यांनी योग्य ती काळजी घेऊन पिशवीची चेन उघडावी आणि नातेवाइकांना अखेरचे दर्शन घेऊ द्यावे, अशी मुभा होती. स्पर्श न करता करायचे विधी, म्हणजे पोथीवाचन, पवित्र जल शिंपडणे, हेही करता येत होते. स्नान घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे यांना मनाई होती. त्या दिवसांत रुग्णालयांवर जो ताण होता, तो मी जवळून पाहिला आहे आणि शवागारातील माणसांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. तरीही आपल्याला जे सांगितले गेले, ते सूचनेत नव्हते. त्या काळात कचेरीतही गोंधळ कमी नव्हता. ३० मार्चला मुंबईत सर्व कोविड मृतांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक निघाले आणि काही तासांत ते बदलावे लागले. दफनाची परंपरा असलेल्या घरांत तेवढ्या तासांत जी भीती पसरली, ती सुधारित परिपत्रकाने लगेच पुसली गेली नाही.

हा धडा जगाला आधीच मिळालेला होता. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत पांढऱ्या पोशाखातील पथके मृतदेह उचलून नेत आणि कुटुंबाला पुढचे काही कळत नसे, तेव्हा लोक आजारी माणसे लपवू लागले आणि रात्री गुपचूप दफन करू लागले. मृताला स्नान घालण्याच्या रीतीतून तेथे रोग खरोखरच पसरत होता, त्यामुळे मनाई करणे भागच होते. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धर्मगुरूंशी बोलून पद्धत बदलली. कुटुंबाला आधी विचारायचे, प्रार्थनेला थांबायचे, कफन त्यांनी निवडायचे, आणि घरच्यांनी सुरक्षित अंतरावरून सर्व पाहायचे. सुरक्षित दफनाच्या जोडीला 'सन्मानपूर्वक' हा शब्द तेव्हा अधिकृतपणे आला.

आईंना ही सूचना वाचून दाखवावी की नाही, हे आपणच ठरवू शकता. काहींना त्याने त्रास वाढतो, काहींना आपण मागत होतो ते चूक नव्हते, एवढे कळून बरे वाटते. पुढे कधी कोणा शेजाऱ्यावर अशी वेळ आली, तर रुग्णालयात 'दाखवा' म्हणून भांडण्यापेक्षा 'दर्शनाची वेळ कोणती आणि किती अंतरावर उभे राहायचे' असे विचारायला त्यांना सांगा. या प्रश्नाला 'नियम आहे' एवढे उत्तर पुरत नाही, वेळ आणि अंतर सांगावे लागते. आजारी व्यक्ती दाखल होतानाच घरातील एकाच माणसाचा फोन क्रमांक नोंदवून दिवसातून एकदा ठरल्या वेळी कळवण्याची मागणी करा. आपले वडील किती दिवस दाखल होते, हे पत्रात लिहिलेले नाही. पण त्या दिवसांत रोज संध्याकाळी कोणी फोन केला होता का, हे आईंना एकदा विचारून मला कळवाल का?